मावशी पडायला शिकली

माझी मावशी दात बनवते. खोलीबाहेरच्या पाटीवर 'दंततंत्रज्ञ' असं लिहिलंय, पण तो शब्द आजवर कोणी उच्चारलेला मी ऐकला नाही. लोक तिला कवळीवाल्या बाई म्हणतात, तेही कवळी बसल्यावर. त्याआधी बहुतेकांना तेवढंही धड म्हणता येत नाही.

दुसऱ्या मजल्यावर पुढच्या बाजूला दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना आहे आणि मागच्या बाजूला मावशीची खोली. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन मागे पाठवतात. मावशी त्यात प्लास्टर ओतून जबडा तयार करते, त्यावर मेणात एकेक दात लावते, मग मेण काढून गुलाबी हिरडी भरते, आणि शेवटी चकचकीत होईपर्यंत घासत बसते. भिंतीवरच्या फळ्यांवर चौतीस वर्षांचे प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले आहेत. नवा माणूस आत आला की आधी दार कुठे आहे ते बघून ठेवतो.

गंमत अशी, की ज्याच्यासाठी ती एवढं करते तो माणूस तिला कधी भेटत नाही. कवळी पुढच्या खोलीत जाते, तिथून कुणाच्या तरी तोंडात जाते, आणि विषय संपतो. म्हणून बाहेर कुठेही गेली की मावशी लोकांच्या तोंडाकडे बघत बसते. समोरचा आपल्या सुखदुःखाचं सांगत असतो आणि ही माझ्या कानाशी लागते, "वरचे खोटे, खालचे खरे." चौतीस वर्षांत एकदाही चुकले नाही, असं ती म्हणते. पडताळून बघायची काही सोय नसल्यामुळे आम्ही ते मान्य करतो.

तर गेल्या वर्षी एके दिवशी, संध्याकाळी सहाच्या सुमाराला, मावशी काम आटोपून पादचारी पुलावरून घरी चालली होती. पुलाच्या जिन्यावर मागून एक जण आला, तिच्या खांद्यावरची पिशवी ओढली आणि पळाला. आरडाओरडा करायचा, शिव्या द्यायच्या, गेला बाजार पिशवी तरी घट्ट धरायची, यातलं मावशीने काहीही केलं नाही. ती म्हणाली, "अहो, जरा थांबता का?"

चोर थांबला नाही. पिशवीत तिचा डबा, छत्री आणि दुसऱ्या एका दवाखान्यात सकाळी पोचवायच्या तीन कवळ्या होत्या. तीन म्हातारी माणसं त्यापुढे पंधरा दिवस पेज पिऊन राहिली. आमच्या घरात हा किस्सा फार चालला. "चोराला दात मिळाले, आता चणे तेवढे शोधायचे राहिले," असं माझी आई म्हणाली. सगळ्यात जास्त मी हसले. मावशीसुद्धा हसली.

पण त्यानंतर ती लांबच्या रस्त्याने, अर्धा तास जास्त चालून घरी जायला लागली. मला हे कळलं तेव्हा मी विचारलं, "एवढी भीती वाटते?"

"भीती नाही गं," ती म्हणाली. "लाज वाटते. चोराला मी अहो म्हणाले."

मग मात्र मला माझ्या हसण्याची लाज वाटली, आणि ते मी तिला सांगितलंही.

मावशीचा मुलगा विमा कंपनीत आहे. कुणाच्या बाबतीत काय वाईट होऊ शकतं आणि ते होण्याची शक्यता किती, हे ठरवायचं त्याचं काम. आम्ही भावंडं त्याला मागून जोखीमराव म्हणतो आणि तोंडावर दादा. आगीच्या बंबाची शिडी कितव्या मजल्यापर्यंत पोचते ते विचारून त्याने राहतं घर घेतलं. त्याचा पुढचा एक दात शेजारच्या दातावर जरासा चढलेला आहे, म्हणून तो हसताना ओठ मिटून हसतो. लहानपणी तो सरळ करायला तार लावू म्हणून किती मागे लागला होता, पण मावशीने लावू दिली नाही. एवढी एकच गोष्ट या माणसाची तिरकी आहे, ती तरी राहू दे, असं तिचं म्हणणं असावं.

पिशवी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी दादा आला आणि म्हणाला, "आई, झालं तेवढं पुरे. खोली सोड आणि आमच्याकडे राहायला ये. बाथरूममध्ये धरायला दांडे बसवून घेतलेत."

छप्पन्न वर्षांच्या, दिवसाला तीन वेळा दोन मजले चढणाऱ्या बाईला दांडे. मावशीने मान हलवली आणि चहा टाकायला गेली. पण गोष्ट साधी नव्हती. खोलीचा करार तीन महिन्यांनी संपत होता. काका गेल्यापासून तो मायलेकांच्या नावावर होता, आणि नव्या करारावर दोघांच्याही सह्या लागणार होत्या. सही करणार नाही, असं दादा म्हणाला नाही. तो "बघू" म्हणाला. विमा कंपनीतला माणूस बघू म्हणाला की काय समजायचं ते ज्याने कधी क्लेम केला आहे त्याला माहीत असतं.

"मी तिथे जाऊन काय करू?" मावशी मला म्हणाली. "त्या घरात सगळ्यांना सगळे दात आहेत." आणि जरा वेळाने, "आपलेच दात आणि आपलेच ओठ. सांगायचं कुणाला?"

तिसऱ्या दिवशी तिने दादाला फोन केला. "मी मारामारी शिकते. करार संपेपर्यंत मला स्वतःला सांभाळता आलं, तर सही करायची. नाही आलं, तर मी येते."

दादा लगेच कबूल झाला. नव्याचे नऊ दिवस, असा त्याचा अंदाज. तरीही सवयीने त्याने एक तक्ता करून पाठवला. बॉक्सिंग, कराटे, किकबॉक्सिंग, ज्युदो, कुस्ती, आणि प्रत्येकापुढे रकाने: हाडं, सांधे, डोकं, दम किती वाढतो, खऱ्या प्रसंगी उपयोग किती. धोका असेल तिथे लाल रंग भरला होता. अख्खा तक्ता लाल होता. तळाशी एकच ओळ हिरवी होती: चालणे.

"पुलावर मी चालतच होते," मावशी म्हणाली आणि तक्ता घडी करून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवला.

तिची स्वतःची पद्धत वेगळी होती. "मास्तरचं तोंड बघायचं," ती म्हणाली. "तीस-तीस वर्षं मारामारी करून ज्याच्या तोंडात स्वतःचे दात आहेत, त्याला स्वतःला वाचवता येतं. बाकी सगळं बोलण्यापुरतं. दात खोटं बोलत नाहीत." हे वाक्य खोटे दात बनवणाऱ्या बाईच्या तोंडून आलं हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण मी शाळेत भूगोल शिकवते, माझं लक्ष लांब असतं. शिवाय दुसऱ्या मजल्यापर्यंत मलाही धाप लागते, त्यामुळे तिच्यासोबत मीही नाव घालावं असं परस्पर ठरलं होतं.

पहिल्यांदा बॉक्सिंगला गेलो. गॅरेजच्या वर एक लांबट हॉल, छताला टांगलेल्या पिशव्या, रबराचा आणि घामाचा वास. मास्तर अंगाने दांडगा पण बोलायला अगदी मऊ. त्याने स्वतः मावशीच्या हातांना पट्ट्या गुंडाळल्या. "दम वाढवायला याच्यासारखं दुसरं काही नाही," तो म्हणाला. "तीन मिनिटं मारा, मग मला सांगा." मावशीने टांगलेल्या पिशवीला एक ठोसा दिला. मग दुसरा. सहाव्या ठोशाला तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. "अजून मारू?" तिने विचारलं. मास्तर खूश होऊन मोठ्याने हसला, आणि तिथेच सगळं संपलं.

जिना उतरताना ती म्हणाली, "वरचे पुढचे चार खोटे. आणि काम काय घाणेरडं. हिरडीपाशी फट दिसते. कुणी केलंय देव जाणे." आणि पट्ट्यांमुळे वळ उठलेली बोटं उघडमीट करत, "शिवाय बोटं गेली तर मेणात दात कशाने लावू?"

कराटेच्या वर्गात चाळीस जण रांगेत उभे राहून एकदम ओरडत होते. मास्तर काटक, शिस्तीचा, एका फटक्यात फळी मोडणारा. दात सगळे स्वतःचे. मला वाटलं जमलं. पण मावशीने मान हलवली. "वरून कसे सपाट झालेत बघ. हा झोपेत दात खातो. ज्याच्या स्वतःच्या झोपेत शांतता नाही, तो मला काय शिकवणार?" मी म्हटलं, तो लाथ मारायला शिकवणार आहे, झोपायला नाही. ती ऐकायच्या मनःस्थितीत नव्हती. किकबॉक्सिंगचा मास्तर चोवीस वर्षांचा होता आणि दात मोत्यासारखे. "वय काय त्याचं," मावशी म्हणाली. "अजून वेळ आहे त्याला."

ज्युदोचा वर्ग एका बंद पडलेल्या गोदामात होता. जमिनीवर हिरव्या गाद्या, कोपऱ्यात एक खुर्ची. खुर्चीवर साठी उलटलेले, ठेंगणे, पोट जरा सुटलेले एक गृहस्थ बसले होते. सगळे त्यांना सर म्हणत होते. ते सुरीने सफरचंदाच्या पातळ फोडी करून एकेक खात होते. मावशीला ते टापटिपीचं वाटलं. मग ते आमच्याकडे बघून हसले, आणि मावशीने माझा दंड धरला.

"हे बघ," ती कुजबुजली. "सुळा कसा आत वळलाय. पुढच्या दाताचा टवका बघ. मुळाशी चहाचा पिवळेपणा. हे खरे. असे दात बनवून मिळत नाहीत."

सरांनी विचारलं, "कशासाठी शिकायचंय?"

"कुणी पिशवी ओढली तर."

"मग आधी पडायला शिका."

"मला दुसऱ्याला पाडायला शिकायचंय."

"ते नंतर," सर म्हणाले आणि पुढची फोड कापली.

तीन आठवडे मावशी नुसती पडत होती. आधी बसून मागे पडायचं, मग उकिडवं बसून, मग उभं राहून. हनुवटी छातीला टेकवायची, म्हणजे डोकं आपटत नाही. हात टेकवून स्वतःला सावरायला जायचं नाही, मनगट मोडतं. उलट दोन्ही हात सपाट जमिनीवर थापटायचे. आणि हातात काही असेल तर ते सोडून द्यायचं. आमच्या घराण्याची रीत पडलो तरी नाक वर अशी, त्यामुळे हनुवटी खाली ठेवणं मला फार जड गेलं. मावशीला नाही. ती घरीसुद्धा सकाळी साडेसहाला गादी घालून पडायची. खालच्या मजल्यावरचे शेजारी वर येऊन चौकशी करून गेले.

दर रविवारी ती दादाला फोन करायची. "आज चाळीस वेळा पडले." मग पलीकडून, त्यात डोक्यावर किती वेळा, असा प्रश्न यायचा.

पण दोन महिन्यांत तिचे गुडघे दुखायचे थांबले. दोन मजले ती गाणं गुणगुणत चढायला लागली. धरलेलं मनगट सोडवून घ्यायची एक युक्ती आणि कमरेवरून पाडायचा एक डाव तिला आला. त्या डावाने तिने मला तीनदा आपटलं, त्यात तिसऱ्यांदा काही गरज नव्हती. पाचव्या आठवड्यात ती पुलावरून जायला लागली, पहिले दोन दिवस माझ्याबरोबर आणि मग एकटी. दादाला मी हे फोनवर सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "हं. एका पुलावरून निष्कर्ष काढता येत नाही." पण आवाज जरा पडलेला होता.

करार संपायला तीन आठवडे राहिले होते. त्या मंगळवारी सर एका बँकेतल्या कारकुनाला डाव दाखवत होते. कारकून घाबरट होता. घाबरून त्याने कोपर वर केलं, ते सरांच्या तोंडावर बसलं, आणि सरांचे वरचे सगळे दात एकदम बाहेर येऊन गादीच्या काठावरून फरशीवर पडले.

कुणी हललं नाही. कारकुनाची तर दातखीळच बसली. कवळी मावशीच्या पायाशी पडली होती. दुसऱ्याची कवळी उचलायला कुणाचा हात धजणार? मावशीचं तर ते रोजचं काम. तिने सहज उचलली, तडा कुठवर गेलाय ते बघायला उलटी केली, आणि तशीच उभी राहिली.

शेवटच्या दाढेमागे, आतल्या बाजूला, तीन बारीक ठिपके होते. मेण असतानाच तापलेल्या सुईने ती ते ठिपके देते. ही तिची खूण, दुसरं कुणी करत नाही. नंतर तिने मला सांगितलं की सतरा वर्षांपूर्वी डॉक्टरांनी चिठ्ठी पाठवली होती, 'पेशंट म्हणतो, दात खोटे वाटता कामा नयेत.' दोन दिवस बसून तिने तो सुळा आत वळवला होता, टवका काढला होता, मुळाशी पिवळी झाक दिली होती.

मावशीचा चेहरा उतरला. तिने कवळी रुमालात गुंडाळली, पर्समध्ये टाकली आणि सरांकडे न बघता म्हणाली, "उद्या देते." सरांनी तोंडावर हात धरून मान हलवली.

दुसऱ्या दिवशी कवळी सांधून तयार होती, पण घेऊन मला पाठवलं. सरांनी पाठ फिरवून ती बसवली आणि मग म्हणाले, "बाईंना सांगा, ज्युदोत नाही गेले. रस्त्यात गेले. दोघांनी माझं पाकीट मारलं. मी एवढा शिकलेला, सोडतो कशाला? धरून ठेवलं. दोघांनाही पाडलं. पाकीट परत मिळालं, दात मिळाले नाहीत. पुढचे तिथेच गेले, बाकीचे डॉक्टरांनी एकेक करून काढले."

"काय होतं पाकिटात?"

"वाचनालयाचं कार्ड," सर म्हणाले. "मुदत संपलेलं."

हे ऐकून मावशीला बरं वाटेल असं मला वाटलं, म्हणून मी सगळं जसंच्या तसं तिला सांगितलं. कधीकधी आपल्याला गप्प बसता आलं असतं तर, असं मला अजून वाटतं.

"म्हणजे जन्मभर हेच केलेल्या माणसाची ही गत," ती म्हणाली. "मग मी कोण? आणि मी दात बघून माणूस निवडला, ते दातही माझेच. स्वतःच्या हातचं काम मला ओळखता आलं नाही. माझी नजर गेली गं. नजर गेलेल्या माणसाने या कामात राहू नये." मी पुष्कळ समजावलं. तिने ऐकून घेतलं, आणि माझ्यासमोरच दादाला फोन लावला. "खोली सोडते मी," ती म्हणाली. "रविवारी ये, सामान बांधू."

रविवारी सकाळी दादा खोकी, दोरी आणि चिकटपट्टी घेऊन आला. जिंकलेल्या माणसाचा चेहरा असतो तसा काही त्याचा नव्हता. तिघांनी मिळून जबडे वर्तमानपत्रात गुंडाळले. प्रत्येक खोक्यावर दादाने 'नाजूक' असं लिहिलं. मावशीने काहीच लिहू नको म्हणून सांगितलं होतं.

दहाच्या सुमाराला आम्ही पहिली खोकी खाली न्यायला निघालो. झाडणाऱ्या बाईंनी जिना नुकताच धुतला होता. पुढे मावशी, हातात जबड्यांचं खोकं आणि त्यावर सुट्या दातांचा पत्र्याचा डबा. चार पायऱ्या मागे दादा आणि त्याच्यामागे मी. जिना जिथे वळतो त्या सपाट जागेवर मावशीचा पाय सटकला.

मला पुढचं सगळं अगदी सावकाश घडल्यासारखं आठवतं. मावशीने खोकं सोडून दिलं. हनुवटी छातीला टेकली, पाठ गोल झाली, दोन्ही हात फरशीवर सपाट बसले, आणि थाप अशी वाजली की खालच्या मजल्यावरचं दार उघडलं. त्याच क्षणी दादाने आपलं खोकं टाकून तिला धरायला उडी घेतली. ओल्या पायरीवरून तो तिच्या अंगावरून पुढे गेला. पडल्यापडल्याच मावशी ओरडली, "हनुवटी." दादाला ते काय कळणार? आईने हाक मारली म्हणून त्याने तोंड वर केलं, आणि तसाच समोरच्या कठड्यावर आपटला.

मावशी उठून उभी होती. दादा खाली बसला होता आणि तोंडातून रक्त येत होतं. पण त्याचा पहिला प्रश्न होता, "आई, तुला लागलं का?"

"नाही."

"कुठेच नाही?" त्याने तिची मनगटं चाचपली, कोपरं चाचपली, डोक्यामागून हात फिरवला. कुठेच काही नव्हतं. मग तो पस्तिशीचा माणूस पायरीवर बसून रडला. "तू पडलीस तेव्हा मला वाटलं..." एवढंच म्हणाला. त्या दिवसापर्यंत मी त्याला नुसता तक्ते करणारा समजत होते. तो तीन महिने घाबरलेला होता, आणि घाबरल्याचं सांगता येत नाही म्हणून दांडे बसवत होता.

पुढचा एक दात गेला होता. तोच, चढलेला. तो मिळाला तर कदाचित परत बसेल, असं मावशी म्हणाली. पण सबंध जिन्यावर तुटके जबडे आणि सुटे दात विखुरले होते, पिवळट, पांढरे, लहान, मोठे, शे-दोनशे तरी असतील. मी गुडघ्यांवर बसून शोधायला लागले. मावशी बसलीसुद्धा नाही. तिने उभ्या उभ्या एकदा सगळीकडे नजर फिरवली, खाली वाकली आणि एक उचलला.

"हा," ती म्हणाली.

तो मुळापाशी दुभंगला होता. डॉक्टर सुट्टीच्या दिवशी धावत आले, पण दात परत बसवण्यासारखा नव्हता. जखम भरली की माप घेऊ, तोवर गप्प राहा, असं त्यांनी दादाला सांगितलं. खोकी मात्र त्याच दिवशी वर गेली. मी एकेक जबडा फळीवर ठेवत गेले आणि मावशी ओळ सरळ करत गेली.

मंगळवारी ती वर्गाला गेली. सरांना सगळं सांगितलं.

"हनुवटी?" त्यांनी विचारलं.

"छातीला."

"हात?"

"सपाट."

सर हसले, तिच्याच दातांनी. "आणि हातात होतं ते?"

"सोडून दिलं," मावशी म्हणाली. "पुलावर पिशवी सोडली होती तशीच. तुमचे दात पाकीट धरण्यात गेले, माझ्या मुलाचा मला धरण्यात." मग तिने जरा पुढे वाकून बघितलं. "त्या सुळ्याला पॉलिश करायला आलंय. घेऊन या कधीतरी."

दादाच्या तोंडाचं माप आठवडाभराने पुढच्या खोलीतून मागे आलं. चौतीस वर्षांत पहिल्यांदा मावशीला जबडा कुणाचा ते आधीच माहीत होतं. दादाने फोनवर, न उघडता येणाऱ्या तोंडाने, सूचना दिल्या होत्या. दात सरळ हवा, जरा पांढरा चालेल, ऑफिसात बरं दिसेल. एवढ्या वर्षांनी आयती संधी आली आहे तर सुधारून घेऊ. मावशी "बघू" म्हणाली.

करार संपायच्या आदल्या दिवशी तो आला. डॉक्टरांनी पुढे दात बसवून दिला आणि तो मागे मावशीच्या खोलीत येऊन खिडकीपाशी आरसा धरून उभा राहिला. दात शेजारच्यावर जरासा चढलेला होता. बराच वेळ तो बघत होता. ओठ वर करून, खाली करून, जीभ फिरवून.

"मी सरळ सांगितला होता," तो म्हणाला.

"हो."

"कोपऱ्यात एक बारीक रेघ होती माझ्या दातावर. ती पण आहे." त्याने आरसा जवळ नेला. "ती मलाही आठवत नव्हती. तुला कशी आठवली? त्या तुटलेल्यावरून केलास?"

"तो कुठे आता," मावशी म्हणाली. "दुभंगलेला तो, टाकून दिला तेव्हाच."

"मग फोटो बघितलास?"

"फोटो कशाला?" मावशीने पुढची कवळी हातात घेतली. "पहिला पण मीच केला होता."

आणि तिने पॉलिशचं यंत्र चालू केलं. टेबलावर एका जबड्याखाली कराराचे कागद ठेवलेले होते. दादाने ते ओढून घेतले. यंत्राच्या आवाजात त्याला पेन दोनदा मागावं लागलं.